संशोधन फाइलीपर्यंत कसं न्यायचं: धोरणाच्या कामात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

ज्यांच्या हातात अभ्यास असतो त्यांना फाइल कुठल्या टेबलावर आहे ते ठाऊक नसतं आणि ज्यांच्या टेबलावर फाइल असते त्यांना अभ्यास वाचायला सवड नसते. मधल्या या जागेत काम करणारी माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत. संस्थेत नव्यानं लागलेले, फेलोशिपवर जिल्ह्यात आलेले, अर्थशास्त्रात एम.ए. करून 'आता पुढं काय' म्हणणारे किंवा पंचायत समितीवर निवडून आलेले अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. मी स्वतः हे काम ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाच्या प्रश्नावर शिकलो, म्हणून उदाहरण शेवटपर्यंत तेच घेतो.

प्रश्न थोडक्यात असा. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतली कुटुंबं मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती परततात मार्च-एप्रिलच्या आसपास. शाळेचं जवळजवळ सगळं दुसरं सत्र त्यात जातं. मुलं एक तर आई-बापांबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे गावात राहतात. मुलं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे: हंगामापुरती जेवणाची आणि राहण्याची सोय गावातच. ती वाढवावी का, बदलावी का, पैसा दुसरीकडे लावावा का? हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याला पुराव्यानिशी उत्तर देता येतं.

सुरुवातीलाच हाताशी काय हवं

- संबंधित योजनेचे सगळे शासन निर्णय, पहिल्यापासून आजपर्यंतचे, तारखेनुसार लावलेले. शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात.
- चालू आणि मागच्या दोन-तीन वर्षांचं विभागाचं अंदाजपत्रक आणि योजनेचं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकात त्या खर्चाला दिलेला क्रमांक).
- 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि तुमच्या जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन. दोन्ही अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची.
- त्या योजनेवर महालेखापरीक्षकांचा अहवाल असेल तर तो. बरेच जण हा पाहतच नाहीत, आणि योजना कुठं गळते ते नेमकं तिथंच लिहिलेलं असतं.
- एक्सेल किंवा तसलं काही. सुरुवातीला याहून भारी सॉफ्टवेअर लागत नाही.
- माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना.

१. आधी निर्णय शोधा, अभ्यास नंतर

नवखे लोक विषयापासून सुरुवात करतात: 'स्थलांतर आणि शिक्षण'. विषयावर कुणी सही करत नाही, सही प्रस्तावावर होते. म्हणून कागदावर एकच वाक्य लिहा: कोणता अधिकारी, कोणत्या महिन्यापर्यंत, नेमकं काय ठरवणार आहे?

आमच्या उदाहरणात हे वाक्य तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीन प्रकारे पडतं. कुठल्या गावांत वसतिगृह सुरू करायचं याचे प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर जातात. एका मुलामागे किती पैसे हा दर राज्य पातळीवर ठरतो आणि ज्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून हा पैसा येतो तिच्यात केंद्र-राज्य वाटा ६०:४० असल्यानं केंद्राची मान्यताही लागते. कायमस्वरूपी वसतिगृह, म्हणजे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना, हा विषय सामाजिक न्याय विभागाचा. शिक्षणाधिकाऱ्यांसमोर बसून दर वाढवा म्हणालात तर ते मान डोलावतील, चहा देतील, आणि पुढं काही होणार नाही, कारण त्यांच्या हातात ते नाहीच.

२. सरकारी वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

उत्तम पुरावा चुकीच्या महिन्यात पोचला तर वर्षभर पडून राहतो. ढोबळ वेळापत्रक असं: विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या आगेमागे तयार करायला लागतात. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली ठरतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत राज्य पातळीवरच्या बैठकीत त्याची रक्कम निश्चित होते. मार्चमध्ये अर्थसंकल्प येतो. त्यानंतर पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी), एवढीच फट उरते.

यावर तुमच्या प्रश्नाचं स्वतःचं कॅलेंडर बसवा. वसतिगृहाला मंजुरी डिसेंबरात आली तर कुटुंबं मुलांना घेऊन केव्हाच गेलेली असतात. म्हणजे गावनिहाय यादी सप्टेंबरात तयार हवी. निवडणुकीची आचारसंहिता कधी लागू शकते तेही आधीच पाहून ठेवा, कारण त्या काळात नवा निर्णय होत नाही.

३. आकडे आणा, पण आकडा कुठल्या पातळीचा आहे ते विचारा

राष्ट्रीय नमुना पाहणी, श्रमबळ पाहणी, कुटुंब आरोग्य पाहणी, शाळांची यू-डायस माहिती, जनगणना हे सगळं मोफत मिळतं. अडचण अशी की नमुना पाहणीतला आकडा राज्यासाठी भरवशाचा असला तरी तालुक्यासाठी तो तसा नसतो. एका जिल्ह्यातून थोडीच कुटुंबं नमुन्यात आलेली असतात, मग तालुक्याचं प्रमाण काढलं तर ते हवेतलं असतं. कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जिल्ह्यापर्यंत येतात, त्याखाली नाही. गावनिहाय म्हटलं की जनगणना, आणि ती २०११ ची. एवढा जुना आकडा वापरावाच लागला तर शेजारी वर्ष लिहा.

सरासरी कुठल्या पातळीवर काढली यावर किती अवलंबून असतं हे महाराष्ट्रानं चांगलंच पाहिलं आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांतली विकासाची तूट, मोजला, साधारण ३,१८६ कोटी रुपयांचा. मोजमापाचं एकक जिल्हा होतं. त्यामुळे पुढारलेल्या जिल्ह्यातला कोरडा, मागे राहिलेला तालुका जिल्ह्याच्या सरासरीखाली झाकला गेला. पुढं विजय केळकर समितीनं २०१३ च्या अहवालात तालुका हे एकक धरलं आणि अनुशेषाचा नकाशाच वेगळा दिसू लागला. आकडा कुणी तुमच्यासमोर ठेवला की पहिला प्रश्न हाच करा: ही सरासरी कशाची?

सरकारकडे असलेली पण प्रसिद्ध न झालेली माहिती मागायला माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं शुल्क, उत्तराला ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. अनेक अर्ज इथंच फेटाळले जातात. 'वसतिगृहांची सर्व माहिती द्या' असं न लिहिता 'अमुक तालुक्यात अमुक वर्षी मंजूर हंगामी वसतिगृहांची गावनिहाय यादी, मंजूर मुलांची संख्या, सुरू झाल्याची व बंद झाल्याची तारीख' असं लिहा. त्याआधी एकदा कार्यालयात जाऊन साधेपणानं विचारून पाहा. चांगला लिपिक अर्जाशिवायच पुष्कळ काही दाखवतो.

आणि सर्वांत मोठा सापळा: सरकारी नोंद म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. वसतिगृहाच्या बाबतीत दोन आकडे वेगळे ठेवा. पटावर किती आणि ताटावर किती. पटावरची संख्या फाइलीत मिळेल. ताटावरची, जेवणाच्या वेळी न कळवता जाऊन मोजावी लागते.

४. संशोधन शोधा आणि नीट वाचा

गूगल स्कॉलरवर इंग्रजीत शोधावं लागतं, त्याला इलाज नाही. पण आपल्या मातीतलं आधी पाहा. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० पासून महाराष्ट्राची गावं, कालवे, मजुरी मोजत आली आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा केलेला अभ्यास स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आज नगर भागातल्या उसाबद्दल बोलताना त्याचा पाया उपयोगी पडतो. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था, यशदा यांचेही अहवाल असतात.

शोधनिबंध हातात आला की सारांशावर थांबू नका. पाच गोष्टी वहीत उतरवा: कुठं झाला, कुणाशी तुलना केली, फरक किती पडला, किती काळ टिकला, खर्च किती आला.

तुलना ही यातली सगळ्यात नाजूक. वसतिगृहात राहिलेली मुलं पुढच्या जूनमध्ये शाळेत टिकली आणि फडावर गेलेली गळाली, एवढ्यावरून वसतिगृहाचं श्रेय लावता येत नाही. वसतिगृहात मूल ठेवणाऱ्या घरात बहुधा धडधाकट आजी असते, शिकवायची जिद्द असते, उचलही कदाचित थोडी कमी असते. ते मूल तसंही टिकलं असतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून काही गावांना योजना द्यायची, काहींना नंतर द्यायची आणि मग तुलना करायची, अशा प्रयोगांना एवढं वजन आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल या पद्धतीसाठीच मिळालं.

'किती काळ टिकला' हे विचारायचं कारण मुंबईतच सापडतं. प्रथम संस्थेनं मुंबई आणि बडोद्यात बालसखी उपक्रम चालवला: मागे पडलेल्या मुलांना वस्तीतली तरुण मुलगी वेगळं शिकवते. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांचे गुण ०.२८ प्रमाण विचलनानं (मुलांच्या गुणांत किती फरक असतो त्याचं माप) वाढले, शिक्षणाच्या अभ्यासात ही चांगलीच मोठी वाढ. उपक्रम थांबल्यावर वर्षभरानं त्यातली साधारण ०.१० उरली. भाषणात पहिला आकडा सांगणारे खूप भेटतील. तुम्ही दोन्ही सांगा. अधिकाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारण्याआधी तुम्हीच ते सांगितलेलं असलं की विश्वास बसतो.

५. 'तिथं चाललं' आणि 'इथं चालेल' यांच्यामध्ये काय आहे ते तपासा

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचं उदाहरण धोरणाच्या बैठकांत हमखास निघतं. काही गावांत लसीकरणाची नियमित शिबिरं भरवली, काही गावांत शिबिराबरोबर दर लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर थाळ्या दिल्या. पूर्ण लसीकरण झालेली मुलं: काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के, नुसत्या शिबिरांच्या गावांत १८, डाळीच्या गावांत ३९. डाळीचा खर्च धरूनही दर पूर्ण लसीकरणामागचा खर्च साधारण निम्म्यावर आला, कारण शिबिरात गर्दी झाल्यानं परिचारिकेचा दिवस वाया जात नव्हता.

आता हेच महाराष्ट्रात आणायचं म्हटलं तर? उदयपूरची सुरुवात ६ टक्क्यांवरून होती. जिथं बहुतेक मुलांना लशी मिळतातच, तिथं उरलेली मुलं वेगळ्या कारणानं राहिलेली असतात. बहुधा हीच ती फडावर फिरणारी. त्यांना डाळीपेक्षा कारखान्याच्या तळावर येणारी परिचारिका हवी. योजना उचलून आणू नका, कारण उचला. तिथं लोक का येत नव्हते आणि इथं का येत नाहीत, हे दोन ओळींत लिहून पाहा.

मोठ्या प्रमाणावर नेताना काय होतं याचा धडा बांगलादेशातला आहे. रंगपूर भागात भाताच्या कापणीआधी 'मोंगा' नावाचा उपासमारीचा काळ येतो. २००८ मध्ये संशोधकांनी तिथल्या गरीब घरांना शहरात कामाला जाण्यासाठी बसभाड्याएवढी रक्कम दिली. अधिक घरांतून माणूस कामाला गेला आणि घरच्यांचं खाणं सुधारलं. पुढं हाच उपक्रम मोठा केला, २०१७ मध्ये पुन्हा मोजला, तर स्थलांतरावर परिणाम दिसला नाही. चालवणाऱ्या संस्थेनं २०१९ मध्ये उपक्रम बंद केला आणि ते कारणांसह जाहीर केलं. या प्रामाणिकपणाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे दहा गावांत चाललेली योजना सरळ छत्तीस जिल्ह्यांत जाते आणि मध्ये कुणी मोजत नाही.

६. स्वतः मोजायची वेळ आली तर

लहान ठेवा. ज्या गावांनी प्रस्ताव दिला आणि मंजूर झाला, आणि ज्यांनी दिला पण मिळाला नाही, अशा दोन गटांची तुलना नुसत्या 'आहे-नाही' तुलनेपेक्षा पुष्कळ बरी, कारण दोन्हीकडे मागणी होती. मोजायच्या गोष्टी तीनच: जानेवारीतली प्रत्यक्ष उपस्थिती, जूनमध्ये पुढच्या वर्गात मूल परतलं का, आणि साधं वाचन-गणित.

सुरुवातीची मोजणी कुटुंबं निघण्याआधी करा. दिवाळीनंतर गेलात तर दाराला कुलूप दिसेल आणि ज्यांच्याबद्दल प्रश्न आहे तीच घरं तुमच्या नमुन्यातून गळतील. आई-बापांची परवानगी घ्या, मुलांची नावं कागदावरून काढून क्रमांक द्या. मुकादमाच्या समोर उचलीचा आकडा विचारू नका. उत्तर खोटं मिळेल आणि त्या घराला त्रास होईल.

७. पैशाचा हिशेब

वित्त विभागाचा अभिप्राय लागणार असेल तर हे पान नसलेला प्रस्ताव परत येतो. हिशेब कसा मांडायचा ते दाखवण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. समजा एका मुलामागे महिन्याला २,००० रुपये, सहा महिन्यांचे १२,०००. पन्नास मुलांचे ६ लाख. सगळे इथंच थांबतात. पण पन्नासपैकी तीस मुलं तशीही आजीकडे राहणार होती असं तुमच्या मोजणीत दिसलं, तर योजनेमुळे थांबलेली मुलं वीस, आणि एका मुलामागचा खरा खर्च ३०,०००. हा आकडा लपवू नका. उलट त्यातूनच चांगली सूचना निघते: ज्या घरी सांभाळणारं कुणी नाही त्यांना आधी जागा द्या, म्हणजे त्याच पैशात जास्त मुलं थांबतील.

पैसा कुठून येणार तेही लिहा. रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आली, १९७२ च्या दुष्काळात वाढली, १९७९ पासून तिला कायद्याचा आधार मिळाला, आणि देशाच्या २००५ च्या कायद्याआधी कितीतरी वर्षं ती चालू होती. ती तगली याचं एक मोठं कारण म्हणजे १९७५ पासून तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला. पैशाची स्वतंत्र वाट होती. तरीही तिथला दुसरा अनुभव ध्यानात ठेवा: १९८८ मध्ये किमान मजुरी दुप्पट झाल्यावर योजनेवरचं काम घटलं. दर वाढला आणि त्या प्रमाणात तरतूद नसली की रांग लागते, आणि रांगेतून सगळ्यात दुबळा माणूस बाहेर पडतो. वसतिगृहाचा दर वाढवा म्हणताना जागा कमी होणार नाहीत ना, हे त्याच कागदावर मागा.

८. दोन पानांचं टिपण

मराठीत लिहा. फाइलीवरची टिपणी मराठीत चालते आणि तुमची चांगली वाक्यं कक्ष अधिकारी जशीच्या तशी उचलू शकतो. तसं झालं तर आनंद माना, नाव शोधू नका. पहिल्या परिच्छेदात मागणी. मग पुरावा, एकाच तक्त्यात. मग खर्च आणि लेखाशीर्ष. मग कोण राबवणार. शेवटी कुठल्या गोष्टीबद्दल अजून खात्री नाही. आधीच्या कोणत्या शासन निर्णयात कोणत्या परिच्छेदात काय बदलायचं, तो मजकूरच तयार करून जोडा. 'सर्वंकष धोरण आखावे' असली वाक्यं काढून टाका. त्यांवर कृती करता येत नाही.

९. भेट आणि पाठपुरावा

खालून वर जा. गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, गावातले बालरक्षक (शाळाबाह्य मुलांकडे लक्ष देणारे) शिक्षक यांनी टिपण आधी वाचलेलं असलं की वरच्या बैठकीत 'फिल्डवर असं नाही' म्हणून कुणी ते उडवत नाही. त्यांच्या दुरुस्त्या खऱ्याच उपयोगी असतात. आमदारांकडे जाताना त्यांच्या मतदारसंघातल्या गावांचा तक्ता न्या, राज्याचा नको. विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारला गेला तर विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि कधी कधी हवा तो आकडा त्या उत्तरातच मिळतो.

अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. म्हणून सगळं एका माणसाच्या ओळखीवर ठेवू नका. टिपणाची आवक-जावक नोंद घ्या, क्रमांक जपून ठेवा, नव्या अधिकाऱ्याला पहिल्या पंधरवड्यात भेटा.

१०. निर्णय निघाल्यावर

शासन निर्णय हातात आला की तीन गोष्टी शोधा: लेखाशीर्ष, जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम, आणि अहवाल कधी द्यायचा ती तारीख. यातलं एक जरी नसलं तरी शुद्धिपत्रकाची मागणी लगेच करा, वर्ष उलटल्यावर ते कुणी काढत नाही. मग पहिल्या हंगामात सप्टेंबरात यादी, डिसेंबरात ताटांची मोजणी, जूनमध्ये पटावरची तपासणी. आकडे आपल्या अपेक्षेच्या उलट आले तरी तेच दोन पानांत लिहून त्याच टेबलावर नेऊन द्या, दिवाळीआधी, म्हणजे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यांना जागा मिळेल.